भिंतीवरचा फणसाचा पाट

दळवी सरांची आणि माझी ओळख एका मोजपट्टीने झाली. शहापूरच्या आमच्या केंद्रात मी लिपिक म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी एक उंच गृहस्थ खोलीत आले आणि नाव-गाव न विचारता माझ्या खुर्चीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजू लागले. मी दचकून उभीच राहिले. ते शांतपणे म्हणाले, "बसा. तुमचे पाय लोंबकळतात. संध्याकाळपर्यंत कंबर धरेल." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाखाली पाय टेकायला आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा एक छोटा पायठाण ठेवलेला होता. आजही माझे पाय त्याच्यावरच आहेत.

अनंतराव दळवी सर यंदा साठ वर्षांचे झाले. शाळेत सुतारकाम शिकवता शिकवता ते आमच्या केंद्रात आले, आणि शहापूर-मुरबाडच्या गावापाड्यांतल्या अपंग माणसांसाठी पायाला बांधायचे कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी, पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या बनवू लागले. सरांच्या कामाची यादी या ग्रंथात इतरांनी दिली आहेच. मी मात्र सरांच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. गौरवग्रंथात चूक? संपादकांनीही असेच डोळे मोठे केले होते. पण त्या चुकीत माझाही हात होता, तोही चांगल्या वळणदार अक्षरात. आणि ती वगळली तर लिहिण्यासारखे सर उरतच नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, मुरबाडला आमचं साहित्यवाटप होतं. डोंगराकडच्या एका पाड्यावरून हिराबाई बैलगाडीतून आल्या होत्या. लहानपणीच्या तापात त्यांच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं. गाडीतून उतरल्या आणि फणसाच्या लाकडाच्या एका जेवणाच्या पाटावर बसून, हातांनी जमीन ढकलत, सरकत सरकत मांडवात आल्या. मी नजर फिरवली. सरांनी त्यांच्या मापाचे कॅलिपर आधीच तयार केले होते. पट्टे आवळले, कुबड्या हातात दिल्या, आणि हिराबाई त्या तापानंतर पहिल्यांदा उभ्या राहिल्या. मांडवभर टाळ्या झाल्या. सरांनी बजावलं, "चामड्याला चिखलपाणी लागू देऊ नका. कुजेल." हिराबाईंनी मान हलवली.

निघताना त्यांनी विचारलं, "पाट नेते ना सर?"

"आता कशाला? राहू द्या इथेच," सर म्हणाले.

तो पाट आम्ही केंद्राच्या दर्शनी भिंतीवर टांगला. शेजारी हिराबाईंचा उभा फोटो. पाटाखाली मी कागदाची पाटी रंगवली, 'काल'. फोटोखाली, 'आज'. येणारे पाहुणे त्या भिंतीपाशी थबकत, काहींचे डोळे भरत. माझ्या अक्षराचं कौतुक होई आणि मी चार दिवस हवेत असे.

गणपतीनंतर पट्टे तपासायला आम्ही पाड्यावर गेलो. एसटी फाट्याला सोडते, पुढे बांधाबांधानं चालत. दोन्ही बाजूंना भात कमरेएवढं. मधोमध एकच खाचर गवतानं माजलेलं. हिराबाई दारात उभ्या होत्या. कॅलिपर तेल लावून असे लखलखीत ठेवले होते की सरांचा चेहरा उजळला. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, "ते कुणाचं खाचर पडीक राहिलं?"

"आमचंच," हिराबाई म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या.

त्या पाड्यावर भाताच्या लावणीला मजूर लावत नाहीत. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. ज्या घरातून लावणीला हात येतो, त्याच घरी हात जातो. हिराबाईंच्या घरी त्या आणि थकलेली आई, दोघीच. दरवर्षी हिराबाई पाटावर बसून, चिखलातून मागं मागं सरकत सगळ्या पाड्याची लावणी करत. रोपं लावण्यात त्यांचा हात धरणारी बाई त्या पाड्यात नव्हती. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच कुठे होतं?

"तुमीच बोललात ना, चिखल लागू देऊ नको," त्या सरांना म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आनि पाट तर तुमच्याकडं. मी नाय गेले कोनाच्या लावणीला. मंग आमच्यात कोन येल?"

शेजारची जनाबाई तणतणली, "आमी आलो व्हतो गो सांगायला! आमी लावतो म्हनून. हीच आयकंना. म्हने, हात दिला नाय, त हात घेऊ कशी?"

वर्षाचं भात गेलं होतं. दोन बायकांच्या तोंडचा घास आम्ही टाळ्या वाजवत काढून घेतला होता. सर बांधावर मटकन बसले. म्हणाले, "हिराबाई, घरात लागेल तेवढे तांदूळ मी आणून टाकतो."

"तांदूळ नको. माझा पाट द्या."

परतताना एसटीत माझ्या डोळ्यांपुढून ती 'काल'ची पाटी हलत नव्हती. एका बाईचं रोजचं अवजार आम्ही लाजिरवाणी वस्तू म्हणून भिंतीवर टांगलं होतं आणि त्याच्याखाली मी सुबक अक्षर काढलं होतं! केंद्रात पोचताच सरांनी पाट उतरवला. मी रडवेली होऊन विचारलं, "पाटी फाडून टाकू?" ते म्हणाले, "नको, अक्षर चांगलं आहे." ती पाटी त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली घातली. अजून तिथेच आहे.

दोन दिवसांनी पाट घेऊन आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो, तेव्हा सरांनी केलेली गोष्ट बघून मला दुसरा धक्का बसला. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, त्या पडीक खाचराच्या चिखलात पाट टाकला, त्यावर बसले आणि म्हणाले, "शिकवा." पहिल्याच झटक्याला सर आडवे. बांधावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हिराबाई ओरडत होत्या, "बूड उचलू नका सर, सरकवा! आवो, सरकवा!"

तासाभरानं ते चिखलानं माखून उठले, तेव्हा मांडी चोळू लागले. पाटाची कड टोचत होती. हिराबाईंनाही ती टोचते का, हे विचारायला त्यांनी मला त्यांच्यासोबत हळूच आत पाठवलं. घरात हिराबाईंनी लुगडं जरा वर घेऊन मला मांड्या दाखवल्या. वर्षानुवर्षांचे वण, काही अजून न भरलेले. "कुणाला सांगितलं नाहीत?" म्हटलं. "कोनी इचारलं नाय बाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे महिने सर एकाच पाटाच्या मागे होते. पहिला नमुना हिराबाईंनी उचलून बघितला आणि परत केला, "जड हाय." दुसरा, "ह्यो चिखल धरतो." तिसरा त्यांनी ठेवून घेतला. हलकं लाकूड, होडीसारखी उचललेली टोकं, गोल कडा, वर टायरच्या ट्यूबची गादी, कमरेला पट्टा. बाजाराला कॅलिपर, शेताला पाट, हे त्यांनीच ठरवलं. पुढच्या पावसाळ्यात हिराबाई आधी सगळ्यांच्या शेतांत जाऊन आल्या. मग त्यांच्या खाचरात लावणी झाली, त्या दिवशी सर आणि मी बांधावर होतो. पाड्यातलं एकही घर यायचं राहिलं नव्हतं. सर चष्मा पुसत होते. पाऊस नव्हता.

तेव्हापासून सरांची मोजपट्टी खिशातून उशिरा निघते. माणूस आला की आधी म्हणतात, "उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करता, ते दाखवा." सांगा नव्हे, दाखवा. त्यासाठी ते घरी जातात, विहिरीवर जातात, शेतात बसतात. एकदा मोठे अधिकारी केंद्राचं यश ऐकायला आले, तर सरांनी त्यांना ही पडीक खाचराचीच गोष्ट सांगितली. साहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला. मी टेबलाखाली पायठाणावर पाय घट्ट रोवून बसले होते.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबते. सरांचा उजवा गुडघा वर्षभर दुखतो आहे. विद्यार्थ्यांनी साठीनिमित्त झकपक काठी आणली, ती कोपऱ्यात उभी असते. हिराबाई पट्टे बदलायला आल्या होत्या. सर लंगडताना दिसले तशी त्यांनी कुबडी ठोकून त्यांना थांबवलं. "काठी ऱ्हाऊ द्या. उठल्यापासून काय काय करता, दाखवा."

सर मुकाट्यानं पुढे चालू लागले. ऑफिस, भांडार, मागची कार्यशाळा. कार्यशाळेच्या दारात हिराबाई थांबल्या. तिथला उंबरठा चांगला वीतभर उंच. दिवसातून शंभर वेळा सर तो ओलांडतात. "ह्यो दिसत नाय काय तुमाला?" त्या म्हणाल्या. समोरच्या दाराला आमचा देखणा उतार आहे, लोक त्याचे फोटो काढतात. आणि जिथे तीनचाकी बनतात, त्या दाराला उंबरठा! इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही तो दिसला नव्हता. सरांनी त्याच दुपारी करवत घेतली. कापलेल्या लाकडाचं काय करायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हिराबाईंना विचारू."

आदरणीय सर, तुमचा गुडघा लवकर बरा होवो, तुमचे हात खूप खूप वर्षं लाकडाशी बोलत राहोत, आणि तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना. या ग्रंथासाठी हिराबाईंचा निरोप मागायला मी पाड्यावर गेले होते. त्या लावणीतच होत्या. मान वर न करता बोलल्या, ते जसंच्या तसं देते: "सर आमच्यात लई येळा आलं. आता त्यांची बारी. त्यांना म्हनावं, काय लागंल ते सांगा. आमी येनार."