लुडोमधली मैत्रीण

लोअर परळच्या एका ऑफिसात मी मोबाइलवरचे खेळ बनवतो. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही लुडोचा एक खेळ काढला. सुरुवातीला खेळायला माणसंच नव्हती. समोर कोणी मिळेना म्हणून लोक कंटाळून निघून जायचे. तेव्हा साहेबांनी मला खोटे खेळाडू बनवायला सांगितलं. मी मन लावून बनवले. प्रत्येकाला नाव, गाव, फोटो. सोंगटी हलवण्याआधी माणसासारखं जरा थांबायचं, मधेच एखादी चूक करायची, डाव संपला की 'छान खेळलात' असा निरोप पाठवायचा. समोरचा सलग हरत असेल तर त्याला एक डाव जिंकू द्यायचा. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली.

माझी मावशी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. चाळ पाडायला घेतली आणि तिला माहीमला भाड्याच्या खोलीत जावं लागलं. काका गेलेले, मुलगी लग्न होऊन बडोद्याला, शेजारणी कुठे कुठे पांगलेल्या. दुपारचा वेळ जावा म्हणून मीच तिच्या फोनवर तो खेळ घालून दिला.

एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. बांगड्याचं तिखलं वाढता वाढता ती म्हणाली, "माझी एक मैत्रीण झालीय. सावंतवाडीची. रोज दुपारी लुडोत भेटते. फार गुणाची बाई रे! मी दोनदा हरले की तिसऱ्यांदा ती मुद्दाम हरते."

मी मान खाली घालून काटे काढत बसलो.

"पण आठ दिवस झाले, दिसली नाही. आजारीबिजारी नसेल ना? तुझ्या ऑफिसातून कळेल काय?"

आठ दिवसांपूर्वी मीच खोट्या नावांची यादी बदलली होती. तिथेच सांगायला हवं होतं. "बघतो," म्हणालो, आणि सोमवारी सावंतवाडीच्या त्या बाईचं नाव गुपचूप परत यादीत घातलं. दुपारी मावशीचा फोन आला, "आली रे आली!" आवाजात इतका आनंद होता की क्षणभर मला आपण काहीतरी चांगलं केलंय असं वाटलं. त्या वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मे महिन्यात ती गावी निघाली. सामान बांधायला गेलो, तर पिशवीत मालवणी मसाल्याची एक वेगळी बरणी.

"तिच्यासाठी," मावशी म्हणाली. "सावंतवाडीला एक दिवस उतरणार आहे. तेवढा पत्ता काढून दे."

मग मी सांगितलं. सगळं.

ती खाटेवर बसली. "मग फोटोतली बाई कोण?"

"कोणीच नाही. कॉम्प्युटरवर बनवलेली."

"आणि ती मुद्दाम हरायची ते?"

"तसं मीच लिहून ठेवलं होतं."

"त्या दिवशी जेवताना ठाऊक होतं तुला?"

मी हो म्हणालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बरणी पिशवीतून काढून फळीवर ठेवली आणि चहा घेणार का विचारलं.

ऑफिसात मी साहेबांना म्हटलं, खोट्या खेळाडूंच्या नावापुढे 'कॉम्प्युटर' असं लिहू या. ते म्हणाले, "मग खेळेल कोण?" मी पुन्हा विचारलं नाही. नोकरी अजून तीच आहे.

मावशीने खेळ फोनवरून काढून टाकला. घरात कोणाला काही बोलली नाही. गणपतीत सगळे जमलो तेव्हा कोणीतरी मला विचारलं, हल्ली काय करतोस? मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मोबाइलवरचे खेळ बनवतो. हुशार आहे आमचा." मला मान वर करवली नाही.