गोळीनं डीएनए तुटते का?

काचेच्या स्लाइडवर लेबल लावलं नाही, तर आठवड्यात ती कोणाची ते कळत नाही. किस्स्यांचं तसं नसतं. ते बिनलेबलचेच साठतात आणि न विचारता वर येतात. ऐंशीच्या दशकात मी दुर्गच्या एका कॉलेजात लॅब टेक्निशियन होतो. आमच्या मॅडमनी पीएचडीला विषय घेतला होता : बीपीच्या गोळ्यांनी माणसाच्या पेशीतल्या डीएनएला इजा होते का. रक्त द्यायला भिलाईहून स्टील प्लांटमधली माणसं यायची.

पहिले आले वानखेडेभाऊ. राहायला सेक्टर १०, मूळचे भंडाऱ्याकडचे, प्लांटात क्रेन चालवायचे. मी सुई टोचत असताना म्हणाले, "हे कावून करून राहिले?"

मी शहाणपणा केला. "पेशीत डीएनए असते, तेच पोराबाळांत उतरते. गोळीनं ते तुटते का, पाहून राहिलो."

ते कापूस दाबून उठले. घरी गेले आणि गोळी बंद केली.

दहा दिवसांनी वहिनी त्यांना धरूनच घेऊन आल्या. चक्कर येऊन भाऊ क्रेनच्या शिडीवरून पडता पडता वाचले होते. "काय सांगतलं तुमी याईले? म्हणते, पोरीईचं रक्त खराब होईन."

"मुली केवढ्या आहेत?" मॅडमनी विचारलं.

"मोठीचं लग्न झालं."

"मग आता तिच्यात यांची गोळी कुठून जाणार?" त्या भाऊंकडे वळल्या. "डीएनए तुटतो का, ते मी सावकाश शोधते. डोक्यातली नस फुटली, तर उत्तर ऐकायला तुम्ही राहणार नाही."

भाऊंनी तिथंच गोळी घेतली. मला मॅडमनी एवढंच सांगितलं, "तुम्ही फक्त रक्त काढा."

तुलनेसाठी बीपी नसलेली माणसंही हवी होती. कॉलेजचे हेडक्लार्क आपणहून आले. "लिहा माझं नाव, मले काही नाही." पट्टा बांधला. पारा चढलेला. दुसऱ्यांदा बांधला, तर आणखी वर. महिन्याभरात ते गोळीवाल्यांच्या यादीत गेले. "यादी बदलली ते माझ्या बायकोले सांगू नका," म्हणाले. "दहा वर्षांपासून ती म्हणून राहिली, बीपी तपासून घ्या."

पेशी वाढायला तीन दिवस अंगाइतकी ऊब लागते. एकदा जानेवारीत दुपारी लाइट गेली आणि इनक्युबेटर गार पडू लागला. आम्ही नळ्या कोमट पाण्याच्या थर्मासात ठेवल्या. एक मावेना. वानखेडेभाऊ बीपी मोजायला आले होते.

"कोनाची आहे?"

"तुमचीच."

त्यांनी ती शर्टाच्या आत काखेत धरली आणि बाकावर बसले. दोन तासांनी लाइट आली. "उशीर झाला तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "आपलंच आहे, गार कसं होऊ देऊ?"

शेवटी तुटकी गुणसूत्रं, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या काड्या, दोन्ही याद्यांत थोडीथोडी दिसली. माणसं इतकी कमी होती, की गोळीला दोषी ठरवता येईना आणि निर्दोषही. मॅडमनी तसंच सरळ लिहून टाकलं.

वानखेडेभाऊंना मात्र स्वतः बघायचं होतं. ड्यूटी संपवून थेट आले. मी त्यांची स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. जांभळ्या, बारीक काड्या. ते बराच वेळ पाहत राहिले.

"यातल्या माह्या बापाच्या कोनत्या?"

"अर्ध्या," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या आईच्या. पण कोणती कोणाची, ते मला नाही ओळखता येत."

"म्हनजे दोघंबी आहेत इथं."

"आहेत."

भाऊ उठले. पायातले जाड बूट काढून दाराबाहेर ठेवून आले, आणि पुन्हा डोळा लावला.