आण्णांच्या हातातला माईक

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, आणि माईकवर निवेदन करतात माझे वडील, आण्णा. घरातला पहिला पदवीधर मी झालो, पण चार माणसांसमोर तोंड उघडायला शिकलो ते त्यांचं ऐकूनच. यंदा जत्रा कमिटीनं निरोप धाडला, "आण्णास्नी आता ऐकू येत न्हाय, बोलताना अडकत्यात. माईक दुसऱ्याकडं देऊया." त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

मी त्यांना कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून त्या म्हणाल्या, "हा आजार नाही, वय आहे. बारीक आवाज आधी कमी होतात, गोंगाटात बोलणं कळत नाही, माहीत असलेला शब्दही उशिरा येतो. ओरडू नका. समोर बसून सावकाश बोला, आणि त्यांना वेळ द्या." मला तर उड्या माराव्याशा वाटल्या! आम्ही घरात इतके दिवस नुसते ओरडत होतो. मी थेट कमिटीकडं गेलो आणि यंदाचा माईक मागून आणला.

मैदानात मी आण्णांच्या अगदी समोर बसलो. प्रत्येक जोड लागली की पैलवानांची नावं त्यांच्याकडं तोंड करून सावकाश सांगायचो. आवाज थोडा कापरा होता, पण काय रंग भरत होते! दोन नंबरची कुस्ती लागली. लाल लांगेच्या पैलवानानं समोरच्याचा हात ओढला आणि खाली शिरला.

"आता बघा मंडळी, ह्यो लावतोय..." आण्णा थांबले. डावाचं नाव येईना.

माझ्या ओठांवर होतं, पण मी दात आवळून गप्प बसलो. शेजारचा कमिटीवाला पुटपुटला, "झालं, अडकलं." त्याचा हात माईककडं सरकला. मी त्याचं मनगट धरलं. हलगीवालाही आण्णांकडं बघत थांबला.

"...कलाजंग!"

आणि त्याच क्षणी पैलवानानं गडी खांद्यावर घेऊन चितपट केला! हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. मागनं कुणीतरी ओरडलं, "मुद्दाम थांबलं की वो म्हातारं! काटा आणला अंगावर!"

कमिटीवाला चाचरत म्हणाला, "आण्णा, दमला असशीला. द्या इकडं."

आण्णांना ते कळलं नाही. मी पुढं वाकून, त्यांच्याकडं तोंड करून सावकाश सांगितलं. त्यांनी माईक छातीशी धरला.

"सगळ्यात मोठी, एक नंबरची कुस्ती ऱ्हायलीया अजून. तू त्या हलगीवाल्याला पाणी दे जा."

आणि कमिटीवाला हसत उठला, पाणी आणायला.