उतारावरचे मूग

मूग हवेत तरंगताना मी रोज बघायचे. उतरत्या पत्र्यावरून सोडले की डोळ्याला नुसती हिरवी धार दिसते. पण वेगवान कॅमेऱ्यात टिपून संथ करून बघा, एकेक दाणा वर उठतो, शेजाऱ्याला धडकतो, गिरकी घेऊन लांब जातो. कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारी पंखा घरघरत असायचा आणि मी त्या पडद्यात हरवलेली. जेवायचीही शुद्ध नसायची.

माझं संशोधन एवढंच: वायूचे कण जसे धडकत फिरतात तसेच हे दाणे मानायचे, प्रत्येक धडकेत थोडा वेग वाया जातो हे धरायचं, आणि धार कशी वाहील ते गणिताने आधीच सांगायचं. दाण्यांच्या त्या धडपडीला आम्ही तापमान म्हणतो. हात लावाल तर दाणा गारच! मला हे वेड्यासारखं आवडायचं.

पण गणित जुळेना. समीकरणं म्हणायची, दाणे याहून कितीतरी जास्त उधळतील. त्या मानाने प्रत्यक्षात ते पेंगुळल्यासारखे एकमेकांना धरून उतरायचे. तीन वर्षं घातलेली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आठ दिवस बघ, नाहीतर विषय बदल." मी पानंच्या पानं खोडली, स्वतःला नाही नाही ते बोलले.

त्याच आठवड्यात आई कोडोलीहून मुगाचं आणखी एक गाठोडं घेऊन आली. प्रयोगाचे मूग आमच्या शेतातलेच, तीच पाठवायची. प्रयोगशाळेत मात्र पहिल्यांदाच आलेली. मूठभर दाणे तळव्यावर घोळवत खुशीत म्हणाली, "एरंडेल झ्याक बसलंय की!"

मी हबकलेच. धडकेनंतर किती वेग उरतो ते मी दुकानातल्या कोरड्या मुगावर मोजलं होतं, आणि पत्र्यावर सोडत होते हे तेल चोळलेले. चकाकी दिसत होती हो. पण घरचं कडधान्य जन्मापासून तसंच बघितलेलं, त्यात वेगळं काही वाटलंच नाही. चूक माझी. राग निघाला आईवर.

"कुणी सांगितलं होतं तेल लावायला? वाटोळं केलंस माझं!" प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसमोर ओरडले.

"कीड लागू नये म्हणून गं," ती म्हणाली. "तुझं काम हाय म्हणून जरा जास्तच चोळलं." आणि आल्या पावली एसटीने परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दारात. शेजारणीकडचे नुकतीच मळणी झालेले, तेल न लावलेले कोरडे मूग घेऊन. पत्र्यावर सोडले आणि काय सांगू, असे उधळले! आकडे समीकरणाच्या रेषेवर येऊन बसले. माझा विषय वाचला. मी पडदा आईकडे वळवला. हिरवे दाणे तिच्यासमोर सावकाश उठत होते, भेटत होते, दूर जात होते. ती पडद्याजवळ वाकली.

"एवढं धडकत्यात, तरी थांबत न्हाईत व्हय?"

"उतार आहे तोवर नाही."

एक दाणा उडून तिच्या पायाशी पडला. "उचल की," मी म्हटलं. ती मागं सरकली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, आल्यापासून तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, मूगही पदराआडूनच पुढे केले होते.

"नगं बाई. साबणानं घासून आलीया, पर तेल ऱ्हायलं असलं तर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिचे हात मी ओढून बाहेर काढले आणि ओंजळभर मूग त्यात ओतले.