एका फोनवरची गल्ली

त्या दुष्काळात आमच्या छोट्या कंपनीकडे टँकरचं पाणी मागवायच्या वेबसाइटचं काम होतं. शहर पैठण रस्त्यानं बिडकीनकडे सुसाट पसरत होतं. घरं पुढे गेली, नळ मागेच राहिले. सकाळी सगळे एकदम मागणी नोंदवायचे आणि साइट मान टाकायची. पान हललं नाही की लोक बटण दाबतच राहायचे. मग एका घराला दोनदा पाणी आणि भलत्याच कुणाच्या दारात ठणठणाट.

आम्ही इलाज शोधला. एकाच फोनवरून लागोपाठ मागण्या आल्या तर पहिली धरायची, बाकीच्या तिचीच नक्कल समजून सोडून द्यायच्या. साइट झकास पळायला लागली. दिवसभर मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरले.

संध्याकाळी त्याच रस्त्यावरच्या नव्या वस्तीत मावशीकडे गेले. तिचे ड्रम काठोकाठ भरलेले, गल्लीतले बाकी सगळे कोरडे. ती बादली भरून दारात उभी होती आणि एकही बाई भांडं पुढे करत नव्हती.

"मी समद्यांचा नंबर लावला व्हता," मावशी म्हणाली. "पानी माझंच आलं."

मला एकदम उमगलं. जुन्या वस्तीत असताना कामाला गेलेल्या बायांचे हंडे नळाच्या रांगेत मावशीच लावायची, आणि आता तिच्या एकट्या फोनवरून साऱ्या गल्लीची मागणीही तीच नोंदवत होती. फोन तिचा, म्हणून पहिलं नाव तिचं. पुढची नावं वेगळी होती, पण आम्ही बघत होतो फक्त फोन नंबर. नळावर रांग लावून वाढलेल्या मला हे सुचू नये? स्वतःचीच चीड आली.

मी बायांना हाका मारून गोळा केलं. सगळं समजावून सांगितलं. मावशीचा यात काही दोष नाही, ती साइट आम्हीच बनवलीय, मी स्वतः बनवलीय, उद्या सकाळीच दुरुस्त करते.

मग शेजारची म्हातारी शांतपणे म्हणाली, "असं व्हय. मशीन भाचीची, म्हणून पानी मावशीला."

बाया आपापल्या घरात गेल्या. मी मावशीकडे वळले, ती तरी हसेल, शिव्या घालेल असं वाटलं.

"तू जा आता घरी," ती म्हणाली. "आन् थोडे दिवस हिकडं येऊ नको, बाई."