हौदावरची गुरम्मा

सोलापुरातल्या बायकांच्या दवाखान्यात गुरम्मा आया होती आणि तिच्याबद्दल कोणी बरं बोलत नसे. नर्सा तिला टाळत. शुक्रवार पेठेत समोरून येताना दिसली, की तिचा दीर ईरप्पा रस्ता बदली. लिंगायत घरातली विधवा परक्यांची बाळंतपणं काढते, म्हणून त्या घरात तिच्या हातचं पाणी बंद होतं. गुरम्मालाही त्यांचं पाणी नको होतं. त्याच घरात तिचं एकुलतं मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मून गेलं होतं, आणि सासूनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हिनंच खाल्लं."

एकतीस सालच्या उन्हाळ्यात माढ्याकडची बनाबाई दवाखान्यात आली. धनगराची पोर. मेंढरांमागं चालतानाच पोटात दुखायला लागलं आणि सातव्या महिन्यात मुलगी झाली. कापसात गुंडाळून, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या लावून तिला शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर प्यायची ताकद नव्हती. आईचं दूध काढून थेंब थेंब तोंडात सोडायचं. पण बनाबाईला पान्हाच फुटेना. ती भिंतीकडं तोंड करून पडून राही.

सासू कस्तुराबाई खाटेशी बसून बोलत राही. "वझं उचलू नगं म्हनलं, ऐकलं न्हाईस. आता ह्ये मांजराचं पिल्लू कोन संबाळनार? ऱ्हाऊ दे हितंच. चल घरला."

एके सकाळी गुरम्मा बादली घेऊन तिथं आली. "ऊठ. फरशी पुसायची हाय."

"पूस की. मी काय धरून ठिवलीय?"

"सून तुझी असंल, खाट दवाखान्याची हाय. शिव्या द्यायच्या तर फाटकाबाहेर जाऊन दे."

"तू कोन गं मला सांगनारी? नवरा गिळलेली."

गुरम्मानं बादली तिच्या पायांवर ओतली. मग बनाबाईकडं वळून तितक्याच तुसडेपणानं म्हणाली, "पोर जिवंत हाय तुझी. तू काय मारलेली नाहीस तिला. जाऊन हात लाव."

कस्तुराबाईनं ओलं लुगडं धरून दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टरीणबाईंनी गुरम्माला माफी मागायला सांगितलं. तिनं मागितली नाही. तिला वॉर्डातून काढून मागच्या हौदावर धुणं धुवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सासूनं पुन्हा तोंड उघडलं तशी बनाबाई उठली. भिंतीच्या आधारानं हौदापर्यंत आली आणि सावलीला बसली.

"कशाला आलीस?" गुरम्मा म्हणाली.

"हितं कुनी बोलत न्हाय."

गुरम्मा कपडे आपटत राहिली. बनाबाई रडायला लागली. आल्यापासून पहिल्यांदाच. गुरम्मानं तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं हात पुसले, आतून वाटी आणून पुढ्यात ठेवली. "रडत रडत दूध काढलं तरी चालतं."

त्या दुपारी वाटीचा तळ भिजला. मग ती रोज येऊ लागली. हौदावरून उठली, की मुलीपाशी जाऊन तिच्या पाठीवर बोट ठेवून बसे. कस्तुराबाई एकदा मागोमाग हौदावर आली, तेव्हा गुरम्मानं धोपटणं उचलून कानडीत एवढंच म्हटलं, "सुम्मनिरु." कानडी न कळणारीलाही गप्प राहायचं कळलं.

पोर जगली. घरी न्यायच्या दिवशी नर्सनं ती कस्तुराबाईपुढं धरली, तर तिनं हात मागं घेतले. बनाबाईनं मुलीला पदरात घेतलं आणि नवऱ्याला, हरिबाला म्हणाली, "जिथं हिला कुनी घेत न्हाय, तिथं मी येत न्हाय." ती तडक करमाळ्याला माहेरी गेली. हरिबा सुगीनंतर तिकडं गेला आणि तिथंच राहिला. कस्तुराबाईनं नातीचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.

गुरम्माला वॉर्डात परत घेतलं नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या पोरांच्या आया मागच्या दारानं हौदावर येत राहिल्या, आणि डॉक्टरीणबाई बघूनही त्यांना अडवत नसत. गुरम्मा प्रत्येकीला आधी खेकसायची, मग बसायला जागा करायची.