मामाचं हिरवं सेंट

हसा, पण आधी हातातला चहा संपवा. माझी फजिती ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका! मला मात्र ती आठवली की अजून हसू येत नाही.

आमच्या अश्विनीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या लग्नातली गोष्ट. आमच्यात नवरीला मामानं हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. मला बहीण एकच आणि तिला मुलगी एकच. म्हणजे हा मान मला जन्मात एकदाच मिळणार होता!

सोनईला आमच्याकडे केळवणाला आली तेव्हा अश्विनीनं मला हिरव्या सेंटाची बाटली दिली.

"मामा, लग्नाला हेच मारून यायचं. गोठ्याचा वास न्हाई चालनार! आन् सकाळी लवकर मारा."

लवकर का, ते मी विचारलं नाही. मामानं भाचीला काय विचारायचं?

लग्नाच्या दिवशी पहाटेच अंघोळ केली, नवा सदरा घातला आणि गळ्याला, बाह्यांना सेंट फवारलं. अहाहा! नुकत्याच कापलेल्या घासाचा, हिरव्या चाऱ्याचा वास! आता हरणीची धार काढायची की निघालो पुणतांब्याला. हरणी म्हणजे आमची गाय. माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही, याचा मला फार अभिमान होता.

मी खाली बसलो. हरणीनं मान वळवली, मला हुंगलं आणि माझी बाही तोंडात घेऊन चावायलाच लागली हो! तिनं मला घासाची पेंढी समजलं होतं.

बायको दारातून ओरडली, "अहो, जरा दम धरा! वास उडू द्या, मंग बसा."

दम धरला. सदरा बदलला, चहा घेतला. परत गेलो तोवर अंगावरचा घास पार गेला होता आणि नव्या लाकडी कपाटाचा वास सुटला होता. हरणीनं हुंगलं आणि अशी लाथ झाडली की बादली थेट उकिरड्यावर!

"अगं, ही मला वळखंना!"

"कशी वळखंल? मला तरी कुठं वळखू येताय तुमी!"

इथं एखाद्या शहाण्यानं साबण घेतला असता. मी काय केलं? म्हटलं, हिला घासाचा वास आवडला होता ना, मग पुन्हा मारू! मारलं. दुसऱ्या सदऱ्याची कॉलर हरणीच्या तोंडात गेली. थोड्या वेळानं पुन्हा कपाट आणि पुन्हा लाथ! मी पुन्हा मारलं. ऊन वर आलं, कास तटतटली, हरणी हंबरायला लागली आणि नेमका बहिणीचा फोन आला.

"दादा, कुठं आलास रं?"

"हा काय, वाटंतच हाय!"

"मंग गाय कुठं वरडतीया?"

शेवटी बायकोनं शेणाचा पो उचलला आणि मला गळ्यापासून पोटापर्यंत सारवून काढलं. हरणीनं हुंगलं, सुस्कारा टाकला आणि लगेच पान्हा सोडला.

घाईघाईनं अंग धुतलं. शेण गेलं, सेंट काही जाईना. तसाच बायकोला गाडीवर मागं घेऊन निघालो. पुणतांब्याला पोचलो तेव्हा नवरानवरीच्या अंगावर अक्षता पडत होत्या आणि अश्विनीच्या पाठीशी शेजारचे काका उभे होते. "माजा मामा यील," म्हणून तिनं भटजींना दोनदा थांबवलं होतं म्हणे. हे बहिणीनं सांगितलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढं जेवणात जिलेबी वाढली, ती मी बायकोच्या ताटात सरकवली.

संध्याकाळी पाठवणीला अश्विनी माझ्या गळ्यात पडली. दोघंही रडलो. मग तिनं माझ्या गळ्याशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला.

"मामा, आत्ता कसा ग्वाड वास येतोय! दुकानदार म्हनला हुता, ह्याला आधी गवताचा वास येतो, मंग लाकडाचा, आन् खरा वास सांजच्याला. म्हनून तर सकाळी मारायला सांगितलं. म्हनलं, जाताना तुमचा आसा वास संगट न्यावा."

गाडी निघून गेली. मी गळ्याला हात लावून तिथंच उभा. तिनं दिलेलं सेंट अगदी वेळेवर पोचलं होतं हो. मामाच तेवढा पोचला नव्हता.